गर्टी नॅस्की

पणजी, सबिना डर्कन, गेली त्या रात्री
एकच नाव घेत होती:
गर्टी नॅस्की, गर्टी नॅस्की.
ब्यूट गाव, खाली तांब्याची खाण,
वर आमचं दोन खोल्यांचं घर.
आजोबांनी ते नाव बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलीनं लिहिलं, पुढे एक प्रश्नचिन्ह,
आणि त्या प्रश्नचिन्हातून
एक बाई आमच्याकडे राहायला आली.

तिला आम्ही काही कमी पडू दिलं नाही.
आधी मोठी बहीण केलं, मग सावत्र आई.
एका नाताळात, दुसऱ्या पेल्यानंतर,
आत्यानं तिला बोटीवर तापानं मारलं
आणि स्वतःच रडली.
जुन्या फोटोत कडेला उभी एक बाई होती,
कुणाचीच ओळख नसलेली.
तिच्याखाली कुणीतरी लिहून टाकलं: गर्टी.

मी नोकरीतून मोकळी झाले
तशी ती माझ्या वाट्याला आली.
बोटींच्या याद्या, बाप्तिस्म्याच्या वह्या,
पुसट शाईत डोळे फोडले.
नॅस्की आडनावाचा एक पोलिश खाटीक सापडला.
बस्स.

म्हणून मेयो.
फेस्टस रुआन, वय एक्क्याऐंशी,
जन्मभर या डोंगरात टपाल वाटलेला.
चष्म्याला हात न लावता म्हणाला,
"कागद राहू दे. तोंडानं सांग."
सांगितलं.
"असं नाही. मरणाऱ्या बाईनं म्हणावं तसं.
तोंडात दात नसल्यागत."
मला लाज वाटली. चहा निवत होता.
डोळे मिटले आणि म्हटलं.

म्हातारा हसला नाही.
गुंत्यातून लोकरीचं टोक काढावं
तसं त्यानं ते हळू सोडवलं:
गॉर्ट. ना. श्केहा.
गॉर्ट म्हणजे वावर.
श्केहा ते काटेरी झाड,
मे महिन्यात पांढरं होतं ते.
"काट्याच्या झाडाचं वावर.
बाई कसली, पोरी.
ही साडेतीन एकर आहे."

नकाशात हे नाव नाही.
साखळ्या घेऊन मोजणीदार आले तेव्हा
एवढ्याशा तुकड्यांची नावं विचारायला त्यांना सवड नव्हती.
विचारली ती आपल्या कानाच्या मापानं
कापून घेतली.
मुद्दाम कुणी ध चा मा केला नाही, फेस्टस म्हणतो.
मग जरा थांबून,
"काहींनी केला."

संध्याकाळी गेलो.
सरळ चाललेला रस्ता तिथे उगाच वळतो.
झाडावर कुऱ्हाड चालवायला माणूस मिळेना,
तेव्हा डांबरवाल्यांनी वळसा घेतला.
झाड वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं,
बुंध्याला गाय मान घासत होती.
घराचा एक दगड नाही.
शेजाऱ्यांनी नेले बांधाला, त्यात काय,
दगड असतात कशाला.

पणजी घरी जायचा पत्ता सांगत होती
आणि आम्ही तिला पाणी पाजत होतो.

हे कळलं. मोठं होतं ते.
तरी कुंपणाशी उभी राहून
माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली ती फोटोतली.
ऐंशी वर्षं जेवणाच्या टेबलाशी आमच्यात बसलेली,
बोटीवर मेलेली,
तिच्या नावानं मेणबत्त्या लावलेल्या.
आणि आता पुन्हा कडेला,
नाव काढून घेतलेली.
वावर मिळालं त्याहून
तिचंच जास्त लागलं मला.

फेस्टसनं फोटो मागितला.
उजेडाकडे धरला, उलटा केला,
मागचं "गर्टी" अंगठ्यानं चाचपलं.
मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवला,
जिथे पूर्वी
पत्ता न लागलेली पत्रं ठेवायचा म्हणे.
"बघतो," म्हणाला,
आणि गाय बाहेर येऊ नये म्हणून
फाटकाला दोरी गुंडाळू लागला.