सहा बोटं अन् एक नख

बुधवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून
गंगेवरच्या बाजारात गेलो,
पिशवीत पितळी डबा, झाकण नसलेला.

कंपनीत मी मायक्रॉन मोजतो.
केसाएवढा फरक पडला तरी माल परत.
डब्याचं तोंडही मोजून आणलं होतं:
एकशे बारा पूर्णांक चार मिलिमीटर,
चिठ्ठीवर.

दुतोंड्या मारुतीच्या पलीकडं
गोणपाटावर मोड मांडून बसलेल्या कडूबाई ताकाटेंनी
चिठ्ठी उलटी धरली, पाहिली,
तिच्यात चिमूटभर तंबाखू बांधली
आणि डब्यावर बोटं टेकवून म्हणाल्या,
“सहा बोटं. अन् एक नख.”

सात झाकणं बसवून झाली.
एक सैल, एक तिरपं,
एक बसलं ते निघेचना.
ते पायरीवर आपटून काढेस्तोवर
शेजारचा चाळणीवाला जोर लावत होता,
तोंडानं.

“तुझं गेलं कुठं?”
“मागच्या पुरात.”
“मग खाली सायखेड्याला विचार.”

तेवढ्यात भोंगा फिरला:
धरणातून पाणी सोडलंय, काठ मोकळा करा.
कुणी घाबरलं नाही.
सुकी मासळी, दोरखंड, विळे, खुराड्यातल्या कोंबड्या,
सगळा बाजार नुसता उठला,
पंगतीत वाढपी आला की पाय आवरावेत तसा,
आणि पायऱ्या चढू लागला.

मी कडूबाईंच्या गोणीचं एक टोक धरलं.
दर पायरीला आत भांड्यांचं भांडण.
वर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला,
मी हात झटकले,
आणि घरी येऊन पाहिलं
तर पिशवी रिकामी.

पुढचा बुधवार.
पायऱ्यांवर गाळ, गाळावर बाजार.
गोणपाटाच्या कडेला माझा डबा,
चिंचेनं घासून लख्ख,
आणि त्यावर झाकण.
काठ ठोकून ठोकून वळवलेला,
डावीकडं किंचित उचललेलं.
आमच्याकडं नापास झालं असतं.

“केवढ्याला?”
“तीनशे. जुना माल आहे.”

डबा माझा आहे, असं मी म्हणालो नाही.
तो कुणाचा, हे त्यांनीही विचारलं नाही.
मी दीडशे म्हणालो, उठून चार पावलं गेलो,
हाक आली, परत बसलो.
दोनशेवर सुटला.

नोटा कनवटीला लावून
त्यांनी झाकण तळहातानं एकदा दाबलं,
डबा माझ्या पिशवीत घातला
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळता वळता म्हणाल्या,
“या वक्ताला गंगेला देऊ नको.”