सम की विषम

पुष्पचक्राला बांबूची कामटी लागते,
ओली आहे तोवरच वाकवायची.
सत्तावीस वर्षं वाकवतेय मी दादरच्या पुलाखाली.
झेंडू, शेवंती, मध्ये निशिगंध,
आणि पक्ष बघून फीत.

अठरा नोव्हेंबरला बकुळचा फोन आला, रीगाहून.
ती तिथे डॉक्टर होतेय,
बापाची बेस्टमधली सगळी ग्रॅच्युइटी
त्या बर्फात पेरलेली.
नाकाचा शेंडा लाल, मागे फुलांचं दुकान.
"आई, तीन लाल दोन पांढरी मागितली
तर बाई विचारते,
जिवंत माणसाला की गेलेल्या?
इथे जिवंताला विषम, गेलेल्याला सम.
चुकलं तर अपशकुन."

त्यात नवल काय, म्हटलं,
आपण नाही का एकावन्न देत, एकशेएक,
एकवीस दूर्वा.
वरचा एक म्हणजे
हिशेब मिटला नाही अजून, येत जा.

"पण मला माणसाला नाही गं द्यायची.
पुतळ्याला वाहायचीत."

मोबाईल फिरवला तिने.
उंच दगडी खांब, वर हिरवी पडलेली तांब्याची बाई,
दोन्ही हात आभाळात, हातांत तीन सोनेरी चांदण्या.
तीन प्रांत म्हणे त्यांचे.
पायाशी दोन शिपाई, पापणी हलत नाही.
लोक तिला मिल्डा म्हणतात,
समोरच्या खोलीत राहते असं.
एक काळ होता, बकुळ म्हणाली,
इथे फूल ठेवलं की
माणूस रात्रीतून उचलला जायचा.

फुलासाठी?
मी हातातल्या झेंडूकडे पाहिलं.
चाळीस रुपये पावशेर.

मग मला हातात धरून ती बागेतून चालत राहिली.
लिंडनची उघडी झाडं, कालवा, कालव्यावर इवला पूल.
"गावाभोवती तट होता इथे. पाडला.
खंदकाचा कालवा केला, बुरुजाची टेकडी."
अगं, आपलाही पाडला, त्याच सुमाराला.
फोर्टात कोट राहिलाय कुठे?
तुझा आजा चर्चगेटला उतरला की दर खेपेला विचारायचा,
गेट कुठाय?
तोफांना समोरचं दिसावं म्हणून मोकळी ठेवलेली जमीन,
तिथे पोरं आता क्रिकेट खेळतात.
कालच हार पोचवायला गेले होते,
ओव्हलवर धोबी उतरलेत, शेपटी आपटत
बॅट्समनच्या मागे मागे.

"पांढरा धोबी? आई, तो इथला राष्ट्रीय पक्षी!
थंडी पडली की निघून जातो."
म्हणजे ऐन झेंडावंदनाला तुमचं राष्ट्र रजेवर?
हसली. खूप दिवसांनी.
इतक्या लांबून तोच कशाला येईल,
दुसऱ्या कुठल्या गावचा असेल.
पण कूळ तेच.
ते तिला सांगितलं नाही मी,
नुसतं म्हटलं, हो, पोचलाय.

तीन दिवसांनी माझी एकवीस तारीख.
हुतात्मा चौकाची चक्रं आदल्या रात्रीच बांधावी लागतात.
एरवी हात आपोआप चालतो, कामटी भरली की झालं.
यंदा म्हटलं, मोजून लावू.
जितके गेले तितकी.

नवरा म्हणाला, एकशेपाच.
शेजारच्या गाळ्यातले दगडूभाऊ, एकशेसहा, पैज लाव.
ऑर्डर न्यायला आलेला पोरगा
मोबाईलमधून मान वर न काढता, एकशेसात.
विषम. सम. विषम.
कामटी हातात, सुतळी दातात,
पुलावरून रात्रीच्या गाड्या चाललेल्या,
आणि मी तिथल्या त्या दुकानदारणीसारखी विचारतेय,
जिवंत की गेलेले?

बकुळला विचारलं तू काय केलंस.
लिहिलंय तिने:
"वाऱ्याने एकाचा देठ मोडला. चार उरली.
मोडलेलं पण शेजारीच ठेवलं."

एकशेसहा घट्ट बांधले.
एकशेसातवा झेंडू सुतळीत नुसता अडकवला, गाठ न मारता.
टेम्पो आता दादरहून निघेल,
लालबाग, भायखळा, मेट्रोच्या अलीकडे ते खड्डे.
पडला तर पडला.