ऊती

वडगावात आमच्या घराला खोल्या दोनच,
मागची मागाची, पुढची आमची.
मधली भिंत सामाईक, म्हणून ताटातलं वरण
दिवसभर थरथरायचं.
आम्हाला वाटायचं, वरण असंच असतं.

नर्सिंगच्या पहिल्या आठवड्यात
हिरेमठ मॅडमनी फळ्यावर पाच शब्द लिहिले,
खालून वर, शिडीसारखे:
पेशी. ऊती. अवयव. संस्था. शरीर.
आधी इंग्रजी, शेजारी कन्नड,
आणि आम्हा सहाजणींसाठी अडखळत मराठी.
दुसऱ्या पायरीवर त्या थांबल्या.
कन्नडात हा अंगांश, म्हणाल्या, अंगाचा वाटा.
मराठीत ऊती का म्हणतात?
सांगेल कुणी?
निपाणीची रेहाना माझ्याकडे बघत राहिली,
मी वहीकडे.

संध्याकाळी वाचनालयातल्या जाड कोशात सापडलं:
विणणं.
ओतप्रोत म्हणतो ना आपण, त्यातलाच हा धागा.
घरी येऊन बाबांना सांगितलं,
मागाच्या आवाजावर ओरडून, डाव्या कानात,
कारण उजवा कान मागानं कधीच घेतला होता.
बाबांनी पट्टा सोडवला. माग थांबला.
"म्हणजे कातडं पण विणल्यालंच म्हण की."
मी म्हटलं, चार जाती आहेत, बाबा.
एक अस्तरासारखी, कडेकडेनं.
एक सगळ्याला धरून ठेवणारी.
एक आखडणारी.
एक निरोप नेणारी.
"धोटा," ते म्हणाले शेवटचीला, आणि हसले.

मग विचारलं,
"एवढं सगळं चालतंय, तर मालक कोण गे त्यात?"
मेंदू, मी म्हटलं. पहिलाच आठवडा होता.
"तो मुकादम असंल," बाबा म्हणाले,
"मालक कधी कारखान्यात येतोय होय?"

समस्थिती हा धडा मला पाठ करावा लागला नाही.
बाहेर मे महिना असो की डिसेंबरातलं धुकं,
आत सदतीस.
वाढलं तर घाम, घटलं तर काटा.
बाबा ताण्यावर अंगठा टेकवायचे,
ढिला वाटला तर एक दात पुढे,
घट्ट वाटला तर एक दात मागे,
बोलणं न थांबवता.
परीक्षेत मी उदाहरण म्हणून तेच लिहिलं.
मॅडमनी लाल शाईत विचारलं,
दात म्हणजे कुठला दात?
अर्धा गुण कापला.

तिसऱ्या वर्षी, माझी ड्युटी नसताना,
बाबांना वॉर्डात आणलं. छाती धरून.
कागदाची पट्टी यंत्रातून सरकत आली,
डोंगर, दरी, डोंगर,
मला वाचता येत होती आणि वाचवत नव्हती.
रात्री दोनला लाईट गेली.
जनरेटर कुठेतरी खोकला, सुरू झाला नाही.
वडगावात अशा वेळी गल्लीच्या गल्ली गप्प होते.
मी अंधारात त्यांचं मनगट शोधलं.
उजव्या कप्प्याच्या वरच्या अंगाला
तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ,
ती मेंदूला विचारत नाही.
चालला होता. जरा अडखळत, पण चालला होता,
कुणाच्या मीटरवर नसलेला माग.
"मालक आला काय?" अंधारातून बाबा.
गप्प पडा, मी म्हटलं.

पुढे तीन वर्षं बाबा होते.
माग भंगारात दिले, किलोवर.
आता मी शिकवते, पहिल्या वर्षाला,
मराठी पहिल्यांदा लिहिते, कन्नड अडखळत,
आणि ऊतीपाशी मुद्दाम थांबते.
एखादी मुलगी वहीकडे बघते.

घरातली भिंत आता शांत आहे.
काल वरणाची वाटी हातात घेऊन दाराशी बसले,
आणि बघते तर वरण हलतंय,
बारीक,
ठरावीक अंतरानं.
आधी भिंतीला हात लावून बघितला.
मग अंगठ्याकडे लक्ष गेलं.