काचेचं मूत्राशय

औलूमध्ये डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारतं.
आइनिक्की मेजावरचा दिवा ओढून घेते
काचेच्या मूत्राशयाजवळ.
आत सदतीस अंश. खिडकीपलीकडे उणे एकवीस.

पंपातून थेंब थेंब उतरतंय
तिनेच सकाळी ढवळलेलं खोटं मूत्र:
युरिया, मीठ, चिमूटभर क्रिएटिनिन.
खाली नळी, वॉर्डात लावतात तीच.
जिवाणू मात्र खरे,
कुणा बाईंचे. वय ब्याऐंशी,
नाव खोडलेलं.

अठ्ठावीस तास झाले.
नळीच्या तोंडाशी पांढरी पुटं चढलीत,
किटलीत चढतात तशी.
थेंब रेंगाळतो.
पुढचा येतच नाही.
ती वहीत लिहिते: १४.४०, नळी बंद.

काचेला दुखत नाही.
काच रात्री चारदा उठत नाही,
भिंत धरधरून चालत नाही,
सकाळी येणाऱ्या नर्सपासून
चादर लपवत नाही.
त्यासाठी वहीत रकानाही नाही.

आइनिक्की मांडीवर मांडी आवळते.
परवापासून तिलाही जळजळ होतेय;
डॉक्टरांना फोन करायचा राहूनच जातोय.
नवी नळी जोडते, पंप सुरू करते,
पहिला थेंब पडेपर्यंत थांबते
आणि मग, हातमोजे न काढताच,
जवळजवळ पळत
बोळाच्या टोकाला.