गीत क्रमांक

प्रभू, काल पुन्हा हरलो.
शून्य-तीन. शेवटच्या मिनिटाला तर
आमच्याच ग्विलिमनं चेंडू आमच्याच जाळ्यात मारला.
ऱ्हॉन्डाच्या पावसानं भिजलेला मफलर
घरी येऊन खुर्चीवर फेकला,
मेगनशी बोललो नाही, जेवलोही नाही.

चाळीस वर्षं तुझ्याकडे एकच मागणं –
एक गोल दे, निदान बरोबरी.
पलीकडच्या खोऱ्यातलेही तेच मागत असणार,
आणि तू दोघांचं ऐकून घेत असशील, बिचारा.

आज चॅपलात फळ्यावर आकडे होते:
चौदा, दोनशे तीन, सत्त्याऐंशी.
सवयीनं पाहिलं, कोण पुढे, कोण मागे.
मग हसूच आलं.
मेगननं कोपरानं ढोसलं,
पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं.

मफलर अजून दमट होता. गळ्यातच ठेवला.
गायलो. बेसूर, पण सगळी कडवी.