निवलेली पेज

डिचोलीत सकाळी दहाला
कॉम्प्युटर जागा व्हायला सात मिनिटं घेतो.
तेवढ्यात पेज निवते.

आज यादीच काढली,
कोण कोण उठतं त्याच्याबरोबर.
फॅक्स. कुणाला करायचा? बंद.
प्रिंटरची रांग सांभाळणारा
रोज हजर;
प्रिंटर मात्र खाण थांबली त्या वर्षीच
पुंडलिक गाडांनी नेला,
बार्जच्या कोऱ्या पावत्यांसकट.
जरा वेळ बघत राहिलो.
मग त्यालाही सुट्टी.

एका नावाचा अर्थ लागेना.
शेजारचा फ्लॉइड म्हणतो, काढा अंकल, काही होत नाही.
असेल.
पण कुठल्या वाशावर कौलं टेकलीत
हे वासा काढल्यावर कळतं.
तो ठेवला.

पाच मिनिटं वीस सेकंद.
तोंडी लावायला खारातली तोर.
पेज कोमट.