पत्त्याची शेपटी

तार्तूत साडेतीनलाच अंधारतं.
मी यादी करत बसलेय:
कोणती सेवा प्रकल्पाची, कोणती कुणाची तरी.
नव्या मुलांना मी फरक एका दमात सांगते,
पत्त्याची शेपटी बघा.
एका शेपटीमागे तिघांकडे किल्ल्या,
दुसऱ्या शहरात उतरवून ठेवलेली प्रत,
आणि मध्यरात्री कुणाला उठवायचं त्याच्या पाळ्या.
दुसऱ्या शेपटीमागे
कुणीतरी एक. कधी जागा, कधी झोपलेला.

पगार दोन्हीकडे नाही.
गोंधळ होतो तो तिथेच:
फुकट राबणाऱ्यांत शिक्क्याचा कोण, बिनशिक्क्याचा कोण?

सोमवारी जुन्या आवृत्त्यांचं कोठार बंद पडलं.
पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती,
चुकांसकट, जशीच्या तशी.
नागासाकीहून एका शाळेने विचारलं,
लिमाहून एका दवाखान्याने:
त्यांचं म्हातारं क्ष-किरण यंत्र
सातव्या आवृत्तीखेरीज कुणाशी बोलत नाही,
तुमचं कोठार कधी उघडेल?
मी नियमाप्रमाणे कळवलं,
ती सेवा आमची नाही.
चार शब्द. एकही खोटा नाही.
पाठवले, आणि चहा गार होईपर्यंत
पडद्याकडे बघत राहिले.

बुधवारी विल्यांडीची बस धरली.
हेल्डुरच्या कुंपणाशी गुडघाभर बर्फ.
कोठार सौनाच्या बाहेरच्या खोलीत:
बर्चच्या जुड्यांखाली, सफरचंदांच्या खोक्याला टेकून
एक करडी पेटी, झाकण नाही, पंखा सुतळीने बांधलेला.
'फ्यूज उडाला,' तो म्हणाला. 'नातवाने दोन हीटर लावले.
मी तळ्यावर होतो, बर्फाला भोक पाडून.'
दोन दिवस?
'मासे येत होते.'

मी बॅगेतून अटी काढल्या.
तिघांकडे किल्ल्या, रोजची प्रत, प्रत्येक बिघाडाची नोंद.
मग शेपटी बदलेल, शिक्का येईल.
'आणि माझं नाव?'
तिथे नावं लावत नाहीत, हेल्डुर.

त्याने कोटातून वही काढली.
अकरा वर्षं, पेन्सिलीने.
३ मार्च. डिस्क बदलली. सालमेचं औषध आणायला उशीर झाला.
१९ ऑगस्ट. वीज पडली. काही गेलं नाही.
२ नोव्हेंबर. सालमे गेली. यंत्र चालू.

नोंद तर होतीच.

मी कागदाची घडी घातली.
त्याने सफरचंदं दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मासा दिला,
मग जरा थांबून एक प्रत आणि एक किल्ली.
'बाकीचं मी गेल्यावर.'

परतीच्या बसमध्ये लिमाला पुन्हा लिहायला घेतलं.
नियम वाईट नाही. कुठलं दार कुणाचं
हे ठोठावणाऱ्याला ठाऊक असावं,
नाहीतर एका म्हाताऱ्याच्या फ्यूजसाठी
सगळ्या गावाला शिव्या.
तरी 'आमची' खोडून मी 'आपली' लिहिलं,
तर पुढचं 'नाही' टिकेना.
तेही खोडलं.
काच धुरकटली होती, मांडीवर माशाचा वास.

यादीत हेल्डुर अजून उजव्याच रकान्यात आहे, अनधिकृत.
दुसरी किल्ली: माझ्याकडे.
शेऱ्याच्या चौकटीत त्याचेच शब्द:
शनिवारी संध्याकाळी सेवा बंद.
सौना तापवायचा असतो.